गाडीचं बूड

गाडी सुंदर होती हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक म्हणतील हिच्या पोटात दुखतंय. जमिनीपासून चार बोटं वर, इंजिन माणसाच्या पाठीमागे, अंग सगळं कार्बनच्या कापडाचं, दारं पंखासारखी वर उघडणारी. तीन सेकंदांत शंभरचा वेग घेते म्हणत. आमच्या गावात शंभर मीटर सरळ रस्ता नाही ही गोष्ट वेगळी. अशा बाराच गाड्या बनणार होत्या. बाराच का, असं मी विचारलं तेव्हा गाडीचा डिझायनर म्हणाला, "मागणीपेक्षा एक कमी बनवायची, म्हणजे किंमत राहते." हे त्याने मला फार मोठं गुपित सांगितल्यासारखं सांगितलं. मासेमारीबंदीच्या दिवसांत सुरमई कशी विकली जाते ते आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

तर ती गाडी सुंदर होती, आणि तिचं बूड माझ्या बापाने केलं होतं. हे कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते आहे.

मालवणपासून थोडं आत, खाडीच्या काठाला आमचा मांगर आहे. म्हणजे जांभ्या दगडाच्या चार भिंती, वर पत्रे आणि आत होड्या. बाबांचे वडील लाकडाच्या होड्या बांधायचे. बाबांनी तरुणपणी फायबर शिकून घेतलं. आधी लाकूड आणि पुट्टीचा हुबेहूब नमुना करायचा, त्यावरून साचा काढायचा, आणि साच्यात काचेचं कापड आणि रेझीन थापून होडी काढायची. नमुन्यात केसाएवढा उंचवटा राहिला तर त्या साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक होडीत तो राहतो. म्हणून नमुना हेच खरं काम, बाकीची हमाली. मी मालवणला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि परत येऊन हमाली पत्करली.

बाबांना काचबिंदू आहे. नजर कडेने खात खात आत येत गेली. आता समोर पेल्याएवढं काहीतरी दिसतं, तेही धुरकट. पण नमुना त्यांनी डोळ्याने कधी तपासलाच नव्हता. ते तळवा टेकवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात, न थांबता, आणि थांबले की तिथे चूक असते. मी त्यांच्यामागून फूटपट्टी आणि ट्यूबलाइट घेऊन फिरले आहे. एकदाही ते चुकीच्या जागी थांबलेले नाहीत.

आणि आमच्या मांगरात एक रीत आहे. होडी असो, साचा असो, उंबरठ्याबाहेर जाण्याआधी मालकाने विचारायचं, "सोडू काय?" बाबा शेवटचा एकदा हात फिरवतात आणि म्हणतात, "सोड." मग नारळ फुटतो. "सोड" आल्याशिवाय काही हलत नाही. एका मोठ्या ट्रॉलरमालकाला बाबांनी यावरून आठवडाभर ताटकळत ठेवलं होतं, आणि त्याने मुकाट्याने वाट पाहिली, कारण समुद्रात जायचं त्याला होतं.

डिझायनर आमच्याकडे आला तो सुट्टीवर. किनाऱ्यावर फिरताना त्याला आमची एक होडी दिसली. तिच्या अंगावर पडलेलं पाण्याचं प्रतिबिंब कुठेही मोडत नव्हतं, म्हणून त्याने ती कोणी केली ते विचारलं. हे त्याचं श्रेय मी त्याला देते, पारख होती. पुण्याचा होता, पस्तिशीचा, बोलायला गोड. बाबांना पहिल्याच दिवशी काका म्हणायला लागला. मशीनवर फोममधून कोरून घेतलेला गाडीचा नमुना त्याच्याकडे होता, पण त्यावर हात फिरवला की लाटा लागत. त्या काढायच्या आणि नमुना आरशासारखा करायचा, हे आमचं काम.

दोन भाग आले. एक वरचं अंग, एक खालचा तळ. आमच्या दोन गड्यांनी कोणालाही न विचारता तळ पालथा घातला आणि लाकडी घोड्यांवर चढवला, तोंड खाडीकडे. होडीचा नमुना असाच पालथा असतो. डिझायनर दुसऱ्या दिवशी आला तेव्हा वरचं अंग कोपऱ्यात ताडपत्रीखाली होतं आणि बाबा तळाला पुट्टी लावत होते.

"काका, हे कोणाला दिसणार आहे? आधी वरचं घ्या ना."

"आधी बूड," बाबा म्हणाले. "वरचा मागीर."

"अहो, पण रस्त्यात गाडीखाली कोण वाकून बघतं?"

"जा दिसना नाय, ताच होडी चालयता."

डिझायनर हसला. मला तेव्हा बाबांची लाज वाटली. हे लिहिताना हात जड होतो, पण वाटली. पुण्यात मी अशा माणसांच्या मीटिंगमध्ये कोपऱ्यात बसलेले होते. मी त्याला हळूच सांगितलं, "त्यांची सवय आहे, करू दे."

चौथ्या दिवशी बाबा थांबले. तळाच्या मागच्या टोकाला, जिथे तो जमिनीपासून वर उचलला जात होता, तिथे. पुन्हा पुढून सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबले. डिझायनरला बोलावून म्हणाले, "येवढो चढ पानी चढाचा नाय. मदीच तुटतला."

गाडी जोरात धावते तेव्हा तिच्या पोटाखालून हवा जाते. ती नीट गेली तर गाडीला खाली ओढून धरते, चाकं रस्त्याला चिकटतात. मागचा चढ त्या हवेला हळूच बाहेर सोडण्यासाठी असतो. चढ फार उभा केला की हवा पृष्ठभाग सोडून देते, भोवरे होतात, आणि खाली ओढणारा जोर एकदम नाहीसा होतो. हे मी नंतर पुस्तकात वाचलं. बाबांना ते होडीच्या मागच्या पाण्यावरून ठाऊक होतं. डिझायनरने चढ उभा केला होता कारण मागून बघताना गाडी त्यामुळे खूंखार दिसत होती. हा शब्द त्याचाच.

बाबांनी वाद घातला नाही. लाकडाचे दोन तुकडे तासले, एक त्याच्या चढाचा, एक आपल्या. ओहोटीच्या वेळी त्याला घेऊन खाडीत गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि दोन्ही तुकडे आळीपाळीने प्रवाहात धरले. एकामागे पाणी गप्प निघून जात होतं. दुसऱ्यामागे खळखळ, आणि बाबांचं मनगट थरथरत होतं. मला काठावरून दिसत होतं.

डिझायनरने त्याचा फोनवर व्हिडिओ काढला. मग म्हणाला, "काका, मस्तच. पण हवा म्हणजे पाणी नाही हो."

"वारो म्हणजे तरी काय, पातळ पानीच मा?"

तो माझ्याकडे वळला, लॅपटॉप उघडला आणि रंगीत चित्रं दाखवली. निळं, हिरवं, पिवळं. सगळं ठीक असल्याचं ती चित्रं सांगत होती. "तुम्हाला तर कळतं यातलं," तो मला म्हणाला. त्या एका वाक्याने मी विकले गेले. मी मान डोलावली.

वरचं अंगही घासून झालं. मग एका बुधवारी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे कुडाळला न्यायचं होतं, चुलतभाऊ घेऊन गेला. दुपारी डिझायनर टेम्पो घेऊन आला. नमुना तयारच होता, फक्त बाबांनी "सोड" म्हटलं नव्हतं, आणि तो चढ बदलल्याशिवाय ते म्हणणार नव्हते हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तो म्हणाला, त्याला उशीर होतोय. मी म्हटलं, न्या. मी स्वतः गाद्या टाकल्या, मी स्वतः दोरी आवळली, चलनावर सही केली. टेम्पो फोंडाघाटाने वर गेला.

बाबा संध्याकाळी आले, चपला काढल्या आणि सरळ मांगरात गेले. रिकाम्या घोड्यांवर त्यांनी हात ठेवला.

"कोणी सोडल्यान?"

"मी जेवूक गेल्लंय," मी म्हटलं, "तेवड्यात नेल्यानी."

"बरा," बाबा म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.

पाच महिन्यांनी डिझायनरचा फोन आला. घाटावर कुठल्यातरी ट्रॅकवर चाचणीपुरती बनवलेली गाडी नेली होती. वेग वाढला तशी मागची बाजू हलकी झाली आणि एका लांब वळणावर गाडी तीनदा गरगर फिरली. चालवणारा वाचला, मनगट मोडलं. फोनवर तो रडवेला झाला होता. मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला, आणि त्याहून जास्त आला तो माझाच.

तळाचा नमुना परत आला. बाबा एका शब्दानेही "मी सांगितलं होतं" म्हणाले नाहीत. नऊ दिवस ते त्या मागच्या वीतभर जागेशी बसून होते. पुट्टी लावायची, सुकू द्यायची, पॉलिश पेपरने घासायची, हात फिरवायचा, पुन्हा लावायची. डोळे मिटूनच काम करायचे, म्हणायचे की उघडे ठेवले की धुरकट दिसतं आणि मन तिकडे जातं. हा त्यांचा शेवटचा नमुना, हे त्यांनीच जाहीर करून टाकलं होतं. डिझायनरला मी आधीच पढवून ठेवलं होतं, दहाव्या दिवशी त्याने विचारलं, "सोडू का, काका?" बाबा दोनदा पुढून मागे गेले. "सोड," म्हणाले. नारळ फुटला. त्या दिवशी मला वाटलं, माझी चूक भरून निघाली.

पुढे चाचणी झाली, गाडी रुळावर धावल्यासारखी धावली म्हणे. मग एका मासिकात तिच्यावर लेख आला. तळाचं फार कौतुक होतं. डिझायनरने त्यात सांगितलं होतं की संगणकावर असंख्य आकार तपासून हा आकार सापडला. मी तो लेख बाबांना वाचून दाखवला आणि वाचता वाचता माझा आवाज चढला. बाबा शेंगा सोलत होते. म्हणाले, "गाडी बरी चलता मा? मग झाला." मला त्यांचाही राग आला. काही माणसं इतकी चांगली असतात की त्यांच्या वाटणीचं भांडण घरातल्या दुसऱ्या कोणालातरी भांडावं लागतं.

मग ती जाहिरातीची फिल्म.

पहिली गाडी पहिल्या गिऱ्हाइकाला द्यायची, आणि ती आमच्या मांगरासमोर, खाडीच्या पार्श्वभूमीवर द्यायची असं ठरलं. मातीशी नातं वगैरे. गाडी आली कंटेनरमधून, मुख्य रस्त्यापर्यंत. तिथून आमची पाखाडी. जांभ्याचे उंचसखल दगड पाहून डिझायनरच्या तोंडचं पाणी पळालं. चार बोटांची गाडी तिथे पहिल्याच दगडाला नाक घासणार होती. शेवटी होडी ओढतात तशी ओढली. खाली माडाच्या फळ्या, पुढे सरकेल तशी मागची फळी उचलून पुढे, आणि वाडीतले चौदा जण ढकलायला. तीन सेकंदांत शंभर गाठणारी गाडी दीड तासात आमच्या दारात पोचली. एक म्हातारा म्हणाला, "ह्येच्यापरास रेडो बरो." ढकलणारे इतके हसले की गाडी तिथेच थांबली.

इथपर्यंत मीही हसत होते. मग कॅमेरावाल्यांनी बाबांना तयार केलं.

बाबा रोज अर्धी चड्डी आणि शर्ट घालतात, खिशात मोबाइल. त्यांना चौकड्यांची लुंगी नेसवली. डोक्याला गमछा बांधला. माळ्यावरून आजोबांचा वाकस काढून हातात दिला, तो लाकूड तासायचा, जो बाबांनी तीस वर्षांत उचलला नव्हता, आणि त्यांना एका फायबरच्या होडीवर तो मारण्याचा अभिनय करायला सांगितला. ज्या माणसाने तुमच्या गाडीचं बूड केलं त्याला तुम्ही त्याच्याच अंगणात नाटकातला कोळी केलंत. बाबांना त्याची गंमत वाटत होती. माझ्या अंगाची लाही लाही होत होती.

गिऱ्हाईक आणि त्याची बायको तिथे खुर्च्यांवर बसले होते, पन्नाशीचे, साधे बोलणारे. तो उत्साहात मला सांगत होता की इथून महामार्गाला लागलो की बांद्यापर्यंत रस्ता मोकळा आहे, तिथे बघू ही काय चीज आहे ती, आणि जेवायला गोव्यात. बायको म्हणाली, "जरा जपून हं."

चित्रीकरण संपलं. किल्ली दिली गेली, टाळ्या वाजल्या. आता गाडी फक्त पुन्हा फळ्यांवरून रस्त्यापर्यंत ढकलून निघायची होती. बाबांनी वाकस खाली ठेवला, अंदाजाने गाडीच्या मागे गेले आणि त्या लुंगीसकट वाळूत आडवे झाले. कॅमेरावाल्याला वाटलं म्हातारा पडला. पण बाबांनी हात तळाखाली घातला होता. हात थोडा आत गेला आणि थांबला.

"हात घाल गो हयसर," मला म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी आडवी झाले. माझ्या बोटांनाही कळलं. चढ उभा होता. जुना, पहिला, खूंखार.

"ह्या माजा नाय," बाबा म्हणाले.

मी उठून डिझायनरला विचारलं. तो बाजूला घेऊन जाऊ लागला, मी हलले नाही. मग हळू आवाजात म्हणाला, की फोटो पाहून लोक म्हणाले मागून गाडी मवाळ दिसते, म्हणून शेवटचा तुकडा तेवढा जुन्या साच्यातला बसवला आहे. संगणकावर फरक नगण्य आहे. पुन्हा चाचणीला वेळ नव्हता. आणि मग तेच वाक्य, "तुम्हाला तर कळतं यातलं."

हो, मला कळतं. मी गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिले. नवराबायको आत बसले होते, पट्टे लावलेले. मी त्या गृहस्थाला सांगितलं, "ही गाडी आज न्यायची नाही. हिचा मागचा तळ चुकीचा आहे. याच तळाची गाडी ट्रॅकवर तीनदा फिरली आणि चालवणाऱ्याचं मनगट मोडलं. बांद्यापर्यंत मोकळा रस्ता आहे म्हणालात ना, तिथेच फिरेल."

डिझायनर कॅमेरावाल्यांना इंग्रजीत म्हणाला की या बाई जरा भावनिक झाल्यात. मी इंग्रजीतच त्याला सांगितलं की मी डिप्लोमा होल्डर आहे आणि संतापले आहे, भावनिक झालेले नाही. माझा आवाज खाडीपलीकडे गेला असणार. ढकलायला आलेले चौदाजण माडाखाली विड्या ओढत होते, ते एकेक करून येऊन माझ्यामागे उभे राहिले.

गिऱ्हाइकाने काच खाली केली. "गाडी फिरली होती? मला नाही सांगितलंत."

डिझायनर म्हणाला, "सर, तो आधीचा प्रोटोटाइप होता."

"तळ तोच ना पण?"

तेवढ्यात पलीकडचं दार वर उघडलं. बायको उतरली होती. साडी सावरत तिने चपला वाळूत नीट घातल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "उतर." तो उतरला. बाबा कपडे झटकत उभे होते, त्यांच्यापाशी जाऊन त्याने विचारलं, "मग आता काय करायचं, काका?"

"तुकडो काडूचो, माजो बसवचो. हयसर चार दिस लागतले," बाबा म्हणाले. "मागीर माका इचारा आणि न्हेवा."

गाडी पुन्हा फळ्या टाकून, पुन्हा चौदा जणांनी, मांगरात ढकलली. दोन होड्यांच्या मध्ये तिला जागा केली. डिझायनर एका उलट्या घमेल्यावर बसून फोनवर कोणालातरी समजावत होता. त्याला कोणी चहा विचारला नाही. मीही नाही. अजूनही माझा त्याच्यावरचा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

सगळे पांगल्यावर मी बाबांच्या डोक्याचा गमछा सोडत होते. बाबांनी माझं मनगट धरलं, ओहोटीत तो तुकडा धरला होता तसं. मग विचारलं,

"आज जेवूक नाय गेलंस?"